आनंद झाला म्हणून मदत खोटी ठरत नाही

वाचक लिहितात:

निवृत्त झाल्यापासून मी अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून परीक्षेला बसते. त्यांची पुस्तकं वाचून रेकॉर्डही करून देते. काम मनापासून आवडतं. पेपर संपवून घरी येते तेव्हा अंगात वेगळंच बळ असतं. परवा धाकटी बहीण म्हणाली, “ताई, तू हे त्या मुलांसाठी करत नाहीस, स्वतःसाठी करतेस. तुला बरं वाटतं, चार लोक वाहवा करतात, तू ग्रुपवर फोटो टाकतेस. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि त्याला सेवा म्हणायचं!” मी चिडले. पण नंतर एक गोष्ट आठवली आणि गप्पच झाले. जिचे सगळे पेपर मी लिहिले, ती मुलगी मागच्या महिन्यात म्हणाली, “मावशी, पुढच्या वर्षीपासून मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून कॉम्प्युटरवर स्वतःच पेपर लिहिणार.” मला आनंद व्हायला हवा होता, पण पोटात खड्डाच पडला. मी म्हटलं, “ऐन परीक्षेत कॉम्प्युटर बंद पडला तर? कशाला धोका घेतेस?” ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून वाटतंय, बहिणीचंच खरं. मन स्वच्छ होईपर्यंत हे काम थांबवावं का? की निःस्वार्थ असं काही नसतंच? (बहिणीचं नुकतंच ऑपरेशन झालं. परीक्षांचे दिवस होते, त्यामुळे तिच्याकडे दोनदाच जाता आलं. तिचा राग त्याचाही असेल.)

ताई,

आधी थांबण्याचं बोलू, कारण परीक्षा कुणासाठी थांबत नाहीत. थांबू नका. मन पुरतं स्वच्छ झाल्यावरच हात पुढे करायचा असं ठरवलं, तर तो हात कधीच पुढे होणार नाही. नीतीच्या बाबतीत जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टइतका कडक माणूस क्वचित सापडेल. कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीलाच खरं नैतिक मोल असतं. दुसऱ्याला सुखी करण्यात गोडी वाटते म्हणून केलेली मदत कौतुकाची खरी, पण तिला ते मोल नाही, असं त्यानं १७८५ साली लिहिलं. मात्र त्याच लेखनात त्यानं हेही मान्य केलं, की स्वतःची कितीही कसून झडती घेतली तरी आपल्या चांगल्या कृतीमागे आपलं स्वतःवरचं प्रेम कुठे लपलेलं नव्हतंच, अशी खात्री माणसाला देता येत नाही. इतक्या कडक परीक्षकालाही मनाचा तळ दिसला नाही. तुम्ही घरी बसून तो शोधणार, आणि तोवर कुणाला तरी लेखनिक मिळणार नाही. अशा थांबण्यात सगळा विचार तुमच्या मनाच्या शुद्धतेचा होतो. जिला पेपर लिहायचा आहे, तिचा त्यात विचारच नाही. स्वार्थ टाळायला म्हणून उचललेलं हे पाऊल सगळ्यांत जास्त स्वतःभोवती फिरणारं ठरेल.

बहिणीचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही, आणि ते नवंही नाही. माणूस स्वतःहून जे काही करतो ते स्वतःच्या कुठल्या ना कुठल्या भल्यासाठीच, असं सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं ठामपणे मांडलं होतं. त्याचा स्नेही जॉन ऑब्री यानं त्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. रस्त्यात एका जर्जर म्हाताऱ्यानं हात पसरला, हॉब्जनं कळवळून त्याला पैसे दिले. तिथे असलेल्या एका धर्मगुरूनं विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असतेस का? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्या म्हाताऱ्याची दशा पाहून मला त्रास होत होता. माझ्या दानानं त्याला थोडा आराम पडला, तसा मलाही पडला.

हा किस्सा स्वार्थाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला त्यातून नेमकं उलटं कळतं. अनोळखी म्हाताऱ्याच्या दशेनं हॉब्जला त्रास व्हायचं कारणच काय होतं? ज्याला खरोखर फक्त स्वतःचीच पर्वा आहे, त्याला त्या म्हाताऱ्याकडे पाहून काहीच झालं नसतं आणि तो पुढे चालता झाला असता. आराम मिळाला, कारण आधी कळ आली होती. आणि ती कळ दुसऱ्यासाठी होती.

तुम्हाला पेपरनंतर जे बळ येतं त्याचंही तसंच आहे. जोसेफ बटलर नावाच्या धर्मोपदेशकाची प्रवचनं १७२६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत त्यानं या युक्तिवादाची गाठ फार नीट सोडवली आहे. एखादी गोष्ट मिळाल्यावर सुख होतं, कारण ती गोष्ट आपल्याला आधी हवी असते. इच्छाच नसेल तर तिच्या पूर्तीचं सुखही नसतं. त्या मुलीचा पेपर चांगला गेला म्हणून तुम्ही आनंदात घरी येता, कारण तिचा पेपर चांगला जावा असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. तिच्या पेपरशी देणंघेणं नसतं तर तीन तास दुसऱ्याचं सांगणं उतरवून घेण्यात काय आनंद होता? हात दुखला असता, इतकंच. तुमचा आनंद हा तुमच्या जिव्हाळ्याच्या मागून येतो. त्याला जिव्हाळ्याच्या पुढे नेऊन ठेवायचं आणि ‘म्हणजे तू आनंदासाठीच करतेस’ म्हणायचं, हा क्रमच उलटा आहे.

तरीही कुणी म्हणेल की हे शब्दांचे खेळ झाले. म्हणून एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, १९८१ साली तो छापून आला. त्यातल्या विद्यार्थिनींना पडद्यावर इलेन नावाची एक तरुणी दाखवली गेली. तिला विजेचे झटके बसत होते आणि ते तिला सोसवत नव्हते. (प्रत्यक्षात ते आधी तयार केलेलं चित्रण होतं, पण पाहणाऱ्यांना ते खरंच वाटत होतं.) दहा फेऱ्यांपैकी दोन झाल्यावर प्रत्येकीला विचारलं, उरलेले झटके तिच्याऐवजी तू घेशील का? खरी मेख पुढे होती. निम्म्या जणींना सांगितलं होतं की नकार दिलात तर पुढचं सगळं बसून पाहावं लागेल. उरलेल्या निम्म्यांना मुभा होती, की दोन फेऱ्या पाहून झाल्या, आता उठून जा. म्हणजे स्वतःच्या मनाचा त्रास मिटवायचा एवढाच हेतू असेल, तर या दुसऱ्या गटातल्या मुलींना सगळ्यांत सोपा उपाय निघून जाण्याचा होता. इलेन आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाची आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेक जणी तशा गेल्याही. मदतीला उभ्या राहिल्या त्या फक्त १८ टक्के. पण इलेनच्या आवडीनिवडी आपल्यासारख्याच आहेत असं कळल्यावर ज्यांना तिच्याविषयी आपुलकी वाटली, त्यांच्यातल्या ९१ टक्के मुली दार उघडं असूनही थांबल्या आणि झटके घ्यायला तयार झाल्या. प्रत्येक गटात मुली थोड्याच होत्या, हे ध्यानात ठेवायला हवं. पण बॅटसननी पुढे अनेक वर्षं वेगवेगळ्या पळवाटा बंद करून असे प्रयोग केले आणि त्यांचा निष्कर्ष फारसा हलला नाही.

यावर रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली असा आक्षेप घेतला, की आपुलकी वाटते तेव्हा आपण दुसऱ्यात स्वतःचाच अंश पाहतो, म्हणजे शेवटी मदत स्वतःलाच. मला हा आक्षेप विचार करायला लावतो, पण पटत नाही. दुसऱ्याचं दुःख आपलं वाटण्याइतका ‘मी’ मोठा झाला, तर त्याला स्वार्थ म्हणून काय साधलं? मग अंगावरचं कापड काढून देणारा आणि दुसऱ्याच्या अंगावरचं ओढून घेणारा, दोघेही स्वार्थीच. ज्या शब्दात दोघेही मावतात, तो शब्द आपल्याला कुणाबद्दलच काही सांगत नाही.

तेव्हा ताई, घरी येतानाच्या त्या आनंदाबद्दल मनात अपराध बाळगू नका.

पण त्या मुलीला तुम्ही जे बोललात, ते या सगळ्या चर्चेनं सुटत नाही. तिथे थोडं थांबायला हवं.

लेखनिकाचं काम बाहेरून सोपं दिसतं. आत बसणाऱ्याला ते किती अवघड आहे हे कळतं. ती चुकीचं उत्तर सांगते आहे, तुम्हाला बरोबर उत्तर ठाऊक आहे, आणि तुमचा हात तिचं चुकीचंच लिहितो. वाक्य विस्कळीत आहे, एक शब्द मागेपुढे केला तर सुरेख होईल, करायचा नाही. प्रश्न चौथ्यांदा वाचायला सांगितला, तर पहिल्यांदा वाचला तसाच वाचायचा, आवाजात घाई येऊ द्यायची नाही, आणि पर्याय वाचताना बरोबर पर्यायावर नकळत जोरही द्यायचा नाही. ती विचार करत गप्प बसली की आपणही गप्प. घड्याळ पुढे चाललंय, तुमचा जीव वरखाली होतोय, तरी ‘लवकर सांग’ म्हणायचं नाही. वेळ किती उरला हे तिनं विचारलं तरच सांगायचं. तीन तास तुमचं ज्ञान, तुमची भाषा, तुमची घाई, सगळं बाहेर ठेवायचं, कारण पेपर तिचा आहे.

तुम्ही हे करत आलात. निःस्वार्थ म्हणजे काय, याचं मला दिसणारं उत्तर इथेच आहे. करणाऱ्याला काही मिळालं की नाही, यावर ते ठरत नाही. तिची गरज आणि तुमची इच्छा हातात हात घालून चालत असतात, तेव्हा काहीच कळत नाही. तेव्हा सगळेच उदार असतात. त्या दोन्हींच्या वाटा जिथे फुटतात, तिथे कोण बाजूला सरतं ते पाहायचं. परीक्षेच्या खोलीत दर काही मिनिटांनी अशी वाट फुटते, आणि तुम्ही प्रत्येक वेळी सरलात. त्या दिवशी खोलीबाहेर वाट फुटली. तिला स्वतः लिहायचं होतं, तुम्हाला तिच्यासाठी लिहायचं होतं, आणि त्या एका वेळी तुम्ही तिला मागे ओढलं.

पोटात खड्डा पडला यात दोष नाही, हे मी अगदी ठासून सांगते. इतक्या परीक्षा शेजारी बसून काढल्यावर ते माणूस आता आपल्याविना चालेल म्हणतं, तेव्हा आत काहीतरी तुटतंच. शिक्षक, अपघातानंतर पुन्हा चालायला शिकवणारे, आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, यांच्या कामाचं यश म्हणजे आपली गरज संपणं. ते यश सोसायला शिकावं लागतं. भावना न विचारता येते. वाक्य मात्र आपण निवडतो, आणि ते तुम्ही काळजीच्या वेषात बाहेर काढलंत. म्हणून ते जास्त लागलं असणार. परक्या माणसानं ‘तुला जमणार नाही’ म्हटलं असतं तर तिनं वाद घातला असता. तिची सगळी उत्तरं ज्या माणसानं ऐकली आहेत, तिची तयारी जिला सगळ्यांत जास्त माहीत आहे, तिच्या तोंडून शंका आल्यावर ती काय बोलणार?

कॉम्प्युटर बंद पडण्याची भीती खोटी नाही. पण तीच भीती तिच्या बाजूनं असती तर तिचे प्रश्न झाले असते. परीक्षा घेणाऱ्यांची परवानगी वेळेत मागितलीस का? दुसरं यंत्र तयार ठेवणार आहेत का? तिथला स्क्रीन रीडर तू वापरतेस तोच आहे ना? मध्येच काही बिघडलं तर गेलेला वेळ वाढवून मिळेल का, ते लेखी घेतलंस का? गणितातली चिन्हं आणि आकृत्या यांचं काय करायचं ठरलं? हे प्रश्न तिला पुढे नेतात. ‘कशाला धोका घेतेस’ तिला होती तिथेच बसवतं. आपल्या काळजीत किती आपण आहोत आणि किती समोरचं माणूस, हे ओळखायची माझी खूण हीच आहे.

तेव्हा तिला फोन करा. समारंभ नको, लांबण नको. असं काही म्हणता येईल: “तू स्वतः लिहिणार म्हणालीस तेव्हा मी तुला उगीच घाबरवलं. मला तुझ्याबरोबर बसायची सवय झाली होती, ती सुटणार म्हणून वाईट वाटलं, आणि ते मी तुझ्यावर टाकलं. तू लिही. तुला जमेल असं मला खरंच वाटतं. सरावासाठी वेळ लावून प्रश्न वाचून हवे असतील तर सांग, नको असतील तरी काही बिघडत नाही.” एवढं झाल्यावर थांबा. ‘तुम्हीच माझ्यासाठी किती केलंत’ हे तिच्याकडून वदवून घेऊ नका. ती म्हणालीच तर ऐका, पण त्यासाठी फोन करू नका. तुमचं मन हलकं करण्याचं काम तिच्याकडे द्यायचं नाही.

आणि पुढे? लेखनिक लागणारी मुलं आहेतच. तुमच्या मनात सरमिसळ आहे म्हणून त्यांच्याकडे जायला संकोचू नका. अॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी एड्स झालेल्यांना सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा सुमारे अडीच वर्षं माग काढला. त्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहीतरी शिकायचं आहे, स्वतः घडायचं आहे, स्वतःविषयी बरं वाटावं, अशी स्वतःशी जोडलेली कारणं ज्यांच्याकडे जास्त होती, तेच कामात जास्त काळ टिकले. पुढच्या काही अभ्यासांत निराळं चित्र दिसलं, त्यामुळे याचा नियम करू नये. तरी मला त्यात दिलासा वाटतो. तुम्हालाही या कामातून काहीतरी हवं आहे, हे लपवायचं कारण नाही. निवृत्तीनंतरचा रिकामा दिवस भरून निघतो, माणसं भेटतात, कुणीतरी ‘मावशी’ म्हणून वाट पाहतं. हे हवं असणं अगदी साधं आहे. फक्त ते सगळं एकाच मुलीकडून मिळायला हवं, अशी गाठ घालू नका. इतर लेखनिकांशी ओळख वाढवा, त्यांच्याबरोबर बसून बोला. आणि शास्त्राच्या पुस्तकांचं वाचन हातात घ्या. तक्ते आणि आकृत्या ऐकणाऱ्याला समजतील अशा शब्दांत सांगणं हे फार कसबाचं काम आहे, आणि ते चोख झालं की त्याचं समाधान कुणाच्या आभारावर टांगलेलं राहत नाही.

फोटोंचं एक सांगते, कारण त्यात तुमची बहीण बरोबर आहे. जिला फोटो दिसणार नाही, तिचा फोटो टाकताना तिला विचारणं दुप्पट गरजेचं आहे. त्यात ती कशी दिसते, शेजारी कोण आहे, खाली काय लिहिलं आहे, कोण कोण पाहणार आहे, हे सगळं तिला सांगून मगच ‘टाकू का?’ विचारायचं. इतकं सांगायचा कंटाळा आला, तर तो फोटो टाकायचा नाही. आधीचे असतील तर काढून टाका.

आता बहीण. तिच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही शेवटी कंसात लिहिलंत. मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा मला तो कंसच सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. ‘तू हे स्वतःसाठी करतेस’ असं ती म्हणाली खरी, पण परोपकाराच्या स्वरूपावर तिला तुमच्याशी वाद घालायचा नव्हता. ती आजारी पडून होती आणि तुम्ही दोनदा आलात. लष्कराच्या भाकऱ्यांचा टोमणा तिनं मारला, कारण घरी ती तुमची वाट पाहत होती.

मी कठोर होत असेन तर माफ करा, पण हे बोलायलाच हवं. अनोळखी माणसाला मदत करणं कितीतरी वेळा घरच्या माणसाला मदत करण्याहून सोपं असतं. अनोळखी माणूस आभार मानतं. बहीण मानत नाही, तिला ते गृहीत असतं. तिथे तीन तासांनी पेपर संपतो; आजारपणाला तशी घंटा नसते. तिथे तुम्ही कशा आहात हे लोक तुमच्या कामावरून ठरवतात. इथे लहानपणापासूनची सगळी भांडणं उशाशी बसलेली असतात. स्वार्थ शोधायचाच असेल तर तो पेपरनंतरच्या आनंदात शोधू नका. दोन ठिकाणी तुमची गरज होती, तेव्हा ज्या ठिकाणी कौतुक होतं तिकडे पाय आपोआप वळले का, एवढं स्वतःला विचारा. उत्तर मला माहीत नाही. कदाचित खरोखरच कुणी बदली मिळत नसेल, आणि एखाद्या मुलाचं वर्ष तुमच्यावर अवलंबून असेल. तसं असेल तर तुम्ही योग्य तेच केलंत, पण मग ते बहिणीला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं.

तिच्याशी निःस्वार्थपणावर वाद घालायला जाऊ नका. हॉब्ज आणि बटलर तर तिला मुळीच ऐकवू नका. तिच्याकडे जा, जमलं तर चार दिवस राहायला जा. “तू आजारी होतीस आणि मी आले नाही” एवढं म्हणा, त्याच्यापुढे ‘पण परीक्षा होत्या’ जोडू नका. ती रागावली तर रागावू द्या. फोटोंबद्दल तू म्हणालीस ते मला पटलं, हेही सांगा.

आणि लेखनिकांची यादी ज्यांच्याकडे असते त्यांना आजच कळवा, की ऐन वेळी तुमच्या जागी बसू शकेल असं एक नाव तुमच्या नावापुढे लिहून ठेवायचं आहे. त्या व्यक्तीला एकदोन सराव परीक्षांना बरोबर न्या, म्हणजे मुलांनाही तिचा आवाज ओळखीचा होईल. मग बहिणीची पुढची तपासणी कधी आहे ते विचारा, आणि त्या दिवशीचा पेपर त्या बदली लेखनिकाला लिहू द्या.